पायरीच्या अलीकडचा वाचक

सार्वजनिक वाचनालय दिव्यांगांसाठी सुगम आहे की नाही, हे चार गोष्टींवरून ठरते. वाचकाला आत येता येते का, हवे ते पुस्तक शोधता येते का, ते वाचता येते का आणि घरी नेता येते का. कोणाची मनधरणी न करता हे सगळे जमत असेल तर वाचनालय सुगम म्हणायचे. यातली एक गोष्ट अडली की बाकीच्यांवर केलेला खर्च जवळजवळ वाया जातो. उतारावरून चाकाची खुर्ची आत आली, पण दोन कपाटांमधल्या बोळातून ती जातच नसेल, तर त्या वाचकाला वाचनालय बघायला मिळाले, वापरायला नाही. महाराष्ट्रात या विषयाची चर्चा बहुधा दारातल्या उतारापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. अंध वाचकाच्या दृष्टीने मात्र पायरी हा किरकोळ अडथळा असतो. त्याची खरी अडचण पुस्तक हातात पडल्यावर सुरू होते.

उदाहरणादाखल निफाड घेऊ. हे नाशिक जिल्ह्यातले, कादवा नदीकाठचे तालुक्याचे गाव. द्राक्षे, कांदा, तहसील कचेरी, न्यायालय अशा कामांसाठी आसपासच्या खेड्यांतून इथे रोज माणसे येतात. अशा गावातल्या सार्वजनिक वाचनालयाचा वाचकवर्ग साधारण ठरलेला असतो. सकाळी वर्तमानपत्रे वाचायला निवृत्त मंडळी येतात, दुपारनंतर कादंबऱ्या आणि दिवाळी अंक बदलून न्यायला महिला सभासद, आणि अभ्यासिकेत दिवसभर तलाठी, पोलीस भरती किंवा एमपीएससीचा अभ्यास करणारी मुले-मुली. यांच्यात दिव्यांग वाचक क्वचित दिसतो. मग ‘आमच्याकडे तसे कोणी येतच नाही’ हे उत्तर तयार असते आणि सोयी न करण्याला तेच कारण म्हणून पुरते. सोय नाही म्हणून माणूस येत नाही, ही त्या उत्तराची दुसरी बाजू कोणी पाहत नाही. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली, तीही अपंगत्वाचे आठच प्रकार धरून. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात असे २१ प्रकार आहेत. शिवाय मोतीबिंदू झालेले, गुडघे धरलेले, ऐकू कमी येणारे वृद्ध वाचक कोणत्याच यादीत नसतात, आणि वाचनालयाचे सर्वांत निष्ठावान सभासद तेच असतात.

कायदा या बाबतीत संदिग्ध नाही. महाराष्ट्रातली बहुतेक सार्वजनिक ग्रंथालये सरकारी नसतात. ती स्थानिक लोकांनी उभ्या केलेल्या नोंदणीकृत संस्था चालवतात. १९६७च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाखाली त्यांना मान्यता मिळते, अ, ब, क, ड असे वर्ग मिळतात आणि वर्गानुसार अनुदान मिळते. नाशिकचे सार्वजनिक वाचनालय तर १८४० सालचे, म्हणजे मुंबई विद्यापीठाहूनही जुने. ‘आमची संस्था खासगी आहे’ असे म्हणून मात्र यातल्या कोणालाच सुटता येत नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला. त्यात ‘सार्वजनिक इमारत’ या व्याख्येत लोकांच्या वापरातली सरकारी आणि खासगी अशी दोन्ही प्रकारची इमारत येते, आणि शैक्षणिक, सांस्कृतिक व करमणुकीच्या वापराचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. कलम ४४ नुसार सुगमतेचे नियम न पाळणाऱ्या नव्या इमारतीला बांधकामाची परवानगी किंवा पूर्णत्वाचा दाखला देता येत नाही. कलम ४५ ने जुन्या सार्वजनिक इमारतींना नियम प्रसिद्ध झाल्यापासून पाच वर्षांची मुदत दिली होती. नियम जून २०१७ मध्ये आले, मुदत जून २०२२ मध्ये संपली. पुढे ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रातुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक गाठ सोडवली. कायदा सुगमता सक्तीची करतो, पण त्याखालचा नियम १५ तिला मार्गदर्शक सूचनांच्या पातळीवर ठेवतो, ही विसंगती दाखवून न्यायालयाने तो नियम कायद्याशी विसंगत ठरवला आणि किमान सक्तीचे निकष तीन महिन्यांत ठरवायला केंद्र सरकारला सांगितले.

इमारतीचा प्रश्न जोत्यापासून सुरू होतो. वाचनालयांच्या जुन्या जागा देणगीत मिळालेल्या वाड्यांत, देवळाच्या ओवरीत किंवा पालिकेच्या जुन्या इमारतीत असतात आणि तिथले जोते उंच असते. उताराचे प्रमाण एकास बारा असावे असे भारतीय मानक आहे. प्रत्येकी १५ सेंटिमीटरच्या तीन पायऱ्या असतील तर चढ ४५ सेंटिमीटरचा, म्हणून उतार किमान ५ मीटर ४० सेंटिमीटर लांब हवा. म्हणजे जवळजवळ अठरा फूट. एवढी जागा समोर नसते म्हणून गवंडी जमेल तेवढ्यात उतार बसवतो. तो मोटारसायकल चढवायला उत्तम, पण चाकाच्या खुर्चीसाठी धोक्याचा. चढताना खुर्ची मागे उलटण्याची भीती असते आणि उतरताना ती आवरत नाही. जागा अपुरी असेल तर उतार मध्ये सपाट कट्टा घेऊन वळवता येतो, किंवा तो बाजूच्या दाराकडे नेता येतो. फक्त ते बाजूचे दार वाचनालयाच्या वेळात उघडे राहिले पाहिजे, शिपायाला हाक मारून कुलूप काढून घ्यायचे नसावे. दोन्ही बाजूंना कठडा, कडेला चाक घसरू नये म्हणून बुटकी कड आणि खरखरीत पृष्ठभाग या गोष्टी अंदाजपत्रकात किरकोळ असतात. पावसाळ्यात गुळगुळीत फरशीचा उतार धडधाकट माणसालाही पाडतो.

आत शिरल्यावर मापे सोपी आहेत. दाराची मोकळी रुंदी ९० सेंटिमीटर, खुर्ची जागच्या जागी वळवायला दीड मीटर व्यासाची मोकळी जागा, आणि उंबरठा असलाच तर सव्वा सेंटिमीटरहून कमी, तोही कडा उतरत्या केलेला. जुन्या सागवानी चौकटीचा तीन-चार इंची उंबरठा हा कुबड्या वापरणाऱ्याचा आणि पांढरी काठी घेऊन येणाऱ्याचा सारखाच शत्रू. टेबलाखाली गुडघे जातील एवढी, साधारण ७० सेंटिमीटर उंचीची मोकळी जागा हवी आणि एका टेबलापाशी एक खुर्ची कमी हवी. यात खर्च शून्य आहे. स्वच्छतागृहाचे दार बाहेर उघडावे, आत धरायला दांडे असावेत. ‘दिव्यांगांसाठी’ अशी पाटी लावलेल्या खोलीत झाडू, फुटक्या खुर्च्या आणि जुन्या अंकांचे गठ्ठे ठेवलेले असणे हा सार्वजनिक इमारतींतला इतका सर्रास प्रकार आहे की पाहणी करणाऱ्याने आधी त्या खोलीची किल्ली मागावी.

सर्वांत दुर्लक्षित जागा अभ्यासिका. ती हमखास वरच्या मजल्यावर असते, कारण खाली ग्रंथ देवघेव आणि वर्तमानपत्र विभाग असतो. सरकारी नोकऱ्यांत ठरावीक प्रमाणात अपंगत्व असलेल्या व्यक्तींना किमान ४ टक्के आरक्षण आहे, परीक्षेत लेखनिक मिळतो, तासाला वीस मिनिटे जादा मिळतात. पण ज्या खोलीत बसून गावातली मुले त्या परीक्षेची तयारी करतात, तिथे जायला जिना असतो. शहरात शिकवणीला राहणे ज्यांना परवडत नाही, त्यांच्यासाठी तालुक्याची अभ्यासिका हाच एक आधार असतो. उद्वाहन बसवणे छोट्या संस्थेला झेपणारे नाही. त्याहून सोपा उपाय म्हणजे मजल्यांची अदलाबदल. रोज लागणारे विभाग आणि अभ्यासिकेची निदान काही आसने खाली, आणि वर्षातून दोनदा लागणारे जुने खंड वर. कार्यकारी मंडळाच्या एका ठरावात हे होऊ शकते, मात्र त्यासाठी अध्यक्षांची खोलीही वर जायची तयारी लागते.

पुस्तक शोधण्याच्या बाबतीत एक गंमत आहे. जुन्या पद्धतीत पुस्तके कुलूपबंद लोखंडी कपाटांत असत. वाचक यादीतून क्रमांक शोधून चिठ्ठी देई आणि कर्मचारी पुस्तक काढून आणे. ही पद्धत सर्वांना सारखीच गैरसोयीची होती, त्यामुळे एका अर्थाने समान होती. मुक्तद्वार पद्धत आली, वाचक स्वतः कपाटांमधून हिंडू लागला, आणि नेमका दिव्यांग वाचक मागे राहिला. दोन कपाटांमधले अंतर साठ सेंटिमीटर, वरचा खण हाताबाहेर, खालचा पायाशी. बसलेल्या माणसाचा हात साधारण जमिनीपासून ४० ते १२० सेंटिमीटरच्या पट्ट्यात नीट पोचतो. सगळी पुस्तके या पट्ट्यात आणणे शक्य नाही, पण नवी पुस्तके, दिवाळी अंक आणि सतत मागणी असलेले लेखक आणता येतात. बाकीचे काम यादी करते. ती संगणकावर आणि युनिकोड मराठीत असेल, तर अंध वाचकही घरी बसून फोनवर ऐकत पुस्तक निवडू शकतो. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची ई-ग्रंथालय ही प्रणाली किंवा मोफत मिळणारी कोहा यांत हे करता येते. अट एकच, नोंदी देवनागरीत एकसारख्या भरलेल्या हव्यात. एकच लेखक तीन प्रकारे लिहिलेला असेल तर डोळस वाचक नजरेने सावरून घेतो. कानाने शोधणाऱ्याला ते जमत नाही.

आता प्रत्यक्ष वाचन. अंधांच्या वाचनाचा विषय निघाला की पहिले नाव ब्रेलचे निघते. लुई ब्रेलच्या सहा टिंबांच्या लिपीवरून भारतीय भाषांसाठी एकच ‘भारती ब्रेल’ १९५१ च्या सुमारास ठरली आणि मराठी तीच वापरते. मराठीत ‘स्पर्शज्ञान’ हे ब्रेल पाक्षिक फेब्रुवारी २००८ मध्ये स्वागत थोरात यांनी सुरू केले, आणि वर्तमानपत्रासारखा ताजा मजकूर बोटांखाली आला. ब्रेलचे महत्त्व आजही आहे, कारण शुद्धलेखन, गणित आणि विरामचिन्हे ऐकून कळत नाहीत. पण छोट्या वाचनालयाने ब्रेलचा मोठा संग्रह करण्याचा हट्ट धरू नये. साध्या छपाईतली एक कादंबरी ब्रेलमध्ये तीन-चार जाड खंड होते, आडवे रचून ठेवले तर टिंबे दबतात, आणि गावात ब्रेल वाचणारे दोघेच असतील तर त्यांची आवड वेगवेगळी असणार. त्यापेक्षा हवे ते पुस्तक मोठ्या संस्थेकडून मागवून देणे बरे. १९५२ साली मुंबईत स्थापन झालेल्या नॅबचे, म्हणजे नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड या संस्थेचे काम नाशिकमध्येही आहे. ब्रेल साहित्याच्या सात किलोपर्यंतच्या पुडक्याला भारतीय टपाल खाते साध्या मार्गाने पाठवताना टपालखर्च लावत नाही. ही सवलत जुनी आहे, पण वापर कमी.

आज बहुसंख्य अंध वाचक कानाने वाचतात. अँड्रॉइड फोनमध्ये पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारे टॉकबॅक असतेच. संगणकासाठी एनव्हीडीए नावाचे मोफत वाचक-सॉफ्टवेअर आहे, जे ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी २००६ पासून विकसित केले. एक जुना संगणक, एनव्हीडीए आणि कानाला लावायचा हेडफोन एवढ्यात तालुक्याच्या वाचनालयात अंध वाचकाचे टेबल तयार होते. त्या टेबलावर वाचायला काय द्यायचे, इथे मराठीची खास अडचण उभी राहते.

मराठी प्रकाशन व्यवसायाने संगणक आल्यावर अनेक वर्षे श्री-लिपी, कृतिदेव, सुरेख अशा टंकांत अक्षरजुळणी केली. या जुन्या टंकांत देवनागरी अक्षराचे चित्र रोमन अक्षराच्या जागी बसवलेले असते. कागदावर ‘वाचनालय’ सुंदर उमटते, पण संगणकाच्या लेखी ती निरर्थक रोमन अक्षरांची ओळ असते आणि वाचक-सॉफ्टवेअर तीच ओळ उच्चारते. ऐकणाऱ्याला एक शब्दही कळत नाही. दुसरा प्रकार स्कॅन केलेल्या पीडीएफचा. तिथे मजकूर नसतोच, पानाचे छायाचित्र असते, त्यामुळे सॉफ्टवेअर गप्प राहते. ‘आमच्याकडे हजारभर ई-पुस्तके आहेत’ असे एखादी संस्था अभिमानाने सांगते, तेव्हा त्यांतली किती युनिकोडमध्ये आहेत हा प्रश्न विचारावा. जुन्या टंकातून युनिकोडमध्ये नेणारी परिवर्तके आहेत, चित्रातून अक्षरे ओळखणारी साधनेही देवनागरी बऱ्यापैकी वाचतात, पण रफार, अनुस्वार आणि जोडाक्षरे यांत ती चुकतात. कोणीतरी बसून मुद्रिते तपासावी लागतात. निफाडच्या महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांना हे काम सहज देता येईल. त्यातून मराठीचा मजकूर कायमचा तयार होतो, तो एका गावापुरता राहत नाही.

असे रूपांतर करणे बेकायदा आहे अशी भीती ग्रंथपालांना वाटते. ती २०१२ सालीच निराधार झाली. त्या वर्षीच्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये तरतूद आली की, नेहमीच्या स्वरूपातले पुस्तक ज्यांना वाचता येत नाही अशा दिव्यांग व्यक्तींसाठी ते सुगम स्वरूपात आणणे हा स्वामित्वहक्काचा भंग नाही. संस्थांना हे विनानफा तत्त्वावर करता येते, मात्र ती प्रत फक्त अशाच वाचकांकडे जाईल याची काळजी घ्यावी लागते. जागतिक पातळीवर हेच तत्त्व जून २०१३ च्या माराकेश करारात आले. २०१४ मध्ये त्याला अनुसमर्थन देणारा भारत हा पहिला देश, आणि करार ३० सप्टेंबर २०१६ पासून अमलात आला. त्याच वर्षी २४ ऑगस्टला केंद्र सरकारने डेझी फोरम ऑफ इंडिया आणि टीसीएस यांच्या साहाय्याने ‘सुगम्य पुस्तकालय’ हे ऑनलाइन ग्रंथालय सुरू केले. डेझी हे बोलक्या पुस्तकाचे असे स्वरूप आहे की, ऐकणाऱ्याला प्रकरण, उपशीर्षक किंवा पान यांवर उडी मारता येते आणि खूण ठेवता येते. साध्या ध्वनिफितीत एका संदर्भासाठी तासभर पुढे-मागे करावे लागे. खेड्यातल्या अंध विद्यार्थ्याला या ग्रंथालयाची माहिती नसते, किंवा नोंदणीसाठी लागणारी कागदपत्रे अपलोड करणे जमत नाही. इथे वाचनालयाने मध्यस्थ व्हावे: नोंदणी करून द्यावी, पुस्तके उतरवून त्याच्या फोनमध्ये भरून द्यावीत. यासाठी एकही नवे पुस्तक विकत घ्यावे लागत नाही.

यंत्राआधी माणूस वाचून दाखवत असे आणि त्याची गरज संपलेली नाही. निफाड हे न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांचे जन्मगाव; जन्म १८ जानेवारी १८४२ चा. एवढ्या अफाट वाचनाच्या या माणसाचे डोळे तरुणपणीच बिघडले होते आणि पुढे पुस्तके-वर्तमानपत्रे दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागत. हे काम त्यांच्या पत्नी रमाबाईही करत. अधू दृष्टीचा विद्वान वाचन चालू ठेवू शकला, कारण घरात वाचून दाखवणारे होते. ज्याच्या घरी तसे कोणी नाही, त्याच्यासाठी आठवड्यातून दोन ठरलेल्या वेळी वाचून दाखवणारा स्वयंसेवक वाचनालयातच बसवता येतो. फॉर्म, निकालपत्र, जमिनीचा उतारा, हाताने लिहिलेली पत्रे अशा गोष्टी सॉफ्टवेअरला आजही नीट वाचता येत नाहीत. अंशतः दृष्टी असलेल्यांना याहून कमी लागते: चांगला उजेड, भिंग, ठळक रंगभेदाच्या पाट्या आणि सोळा-अठरा पॉइंटच्या टाइपातली पुस्तके. मराठीत मोठ्या टाइपातली प्रौढांची पुस्तके फारच थोडी निघतात, याचा विचार प्रकाशकांनी केवळ धंद्याच्या हिशेबानेही करायला हरकत नाही.

कर्णबधिर वाचकाला इमारतीची अडचण नसते, म्हणून त्याला अडचणच नाही असे धरले जाते. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या अनेकांची पहिली भाषा सांकेतिक भाषा असते, आणि छापील मराठी त्यांना दुसऱ्या भाषेसारखी शिकावी लागते. सोपी वाक्ये आणि भरपूर चित्रे असलेली पुस्तके, उपशीर्षके असलेल्या चित्रफिती, आणि ग्रंथपालाच्या टेबलावर वही-पेन्सिल यांची त्यांना मदत होते. वाचनदोष किंवा बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांनाही तीच सोपी पुस्तके चालतात, फक्त ती ‘लहान मुलांचा विभाग’ अशा पाटीखाली ठेवू नयेत. सोळा वर्षांचा मुलगा त्या पाटीखाली उभा राहणार नाही.

वाचनालयापर्यंत येणेच ज्यांना शक्य नाही त्यांच्याकडे पुस्तक जायला हवे. याचा नमुना नाशिकमध्येच आहे. कुसुमाग्रज प्रतिष्ठानने २००९ मध्ये सुरू केलेल्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या योजनेत शंभर पुस्तकांची पेटी वाचकांच्या गटाकडे जाते आणि ठरावीक काळाने गटागटांत बदलते. योजना दिव्यांगांसाठी म्हणून आखलेली नाही, पण पेटी एखाद्या अंथरुणाला खिळलेल्या वाचकाच्या घरी ठेवली, तर लोक पुस्तकांसाठी त्याच्याकडे येतात. कुसुमाग्रजांचे बालपण निफाड तालुक्यातल्या पिंपळगाव बसवंतला गेले, तेव्हा ही पेटी या तालुक्याला परकी वाटू नये.

कर्मचाऱ्यांना वागणे शिकवावे लागते आणि ते अर्ध्या दिवसात शिकवता येते. प्रश्न सोबत आलेल्या माणसाला न विचारता वाचकाला विचारायचा. अंध व्यक्तीचा हात धरून ओढायचे नाही, आपले कोपर तिला धरू द्यायचे. कपाटांची मांडणी बदलली तर तिला सांगायचे, कारण ती जुनी मांडणी लक्षात ठेवून चालते.

पैशाचा प्रश्न खरा आहे, पण दिसतो तेवढा मोठा नाही. सार्वजनिक ग्रंथालयांसाठीच्या १९७०च्या राज्य नियमांत परिरक्षण अनुदानाबरोबर इमारत आणि साधनसामग्री यांसाठी अनुदानाची तरतूद आहे. १९७२ मध्ये स्थापन झालेल्या, कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाच्या योजनांत इमारतीसाठी आणि दिव्यांगांच्या विभागासाठी साहाय्य मिळते. महाराष्ट्रात नगरपंचायती, ग्रामपंचायती आणि इतर स्थानिक संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांग कल्याणावर खर्च करायचा असतो. तो बहुधा थेट मदतीत वाटला जातो. त्यातून वाचनालयात एक बोलका संगणक किंवा एक नीट मापाचा उतार मागता येतो, फक्त मागणी मार्चच्या गडबडीआधी, मापे आणि अंदाजपत्रक जोडून जायला हवी. ही मापे घेताना टेप धरायला अभियंता असावा आणि शेजारी चाकाची खुर्ची वापरणारी एक आणि पांढरी काठी वापरणारी एक व्यक्ती असावी. अभियंत्याला दाराची रुंदी कळते. दारामागे ठेवलेली चपलांची मांडणी, डोक्याच्या उंचीवर उघडी राहणारी खिडकीची झडप आणि उतारावर लावलेल्या मोटारसायकली त्या दोघांना कळतात.